बुचाचा वास

ऑक्टोबर सरत आला की आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडून तो वास येतो. रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, ओटा पुसून झालेला असतो, भांडी पालथी घातलेली असतात, आणि खिडकीच्या गजांमधून आधी बिचकत, मग एकदम गळ्यात पडल्यासारखा बुचाच्या फुलांचा वास घरात शिरतो. मी दिवा मालवते. अंधारात तो जास्त दाटतो असं मला वाटतं. बुचाचं झाड रात्रीचंच. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे लांब देठांसकट खाली सांडून मोकळी होतात. त्या वासाबरोबर मी दर वर्षी त्याच गल्लीत जाऊन उभी राहते. कोरेगाव पार्क. रात्रीचे साडेबारा. वाईन बारचं जड लाकडी दार नुकतंच मागे लोटलेलं, आतला जॅझ त्या दाराआड अर्धा राहिलेला, गालांवर उबेचा हात फिरल्यासारखं झालेलं, आणि पायाखाली ओल्या डांबरावर पांढऱ्या फुलांचा सडा.

काय दिवस होते.

2005 ते 2010 ही माझी कोरेगाव पार्कची वर्षं. ज्या पुण्यात मी शिकायला आले होते ते रात्री नऊ-साडेनऊला आवराआवर करणारं पुणं होतं. होस्टेलचं फाटक साडेआठला बंद व्हायचं, वैशाली-रूपालीतली शेवटची कॉफी त्याच्याही आधी संपवावी लागायची. नोकरी लागली, नदी ओलांडून पलीकडे राहायला गेले आणि त्याच शहराचा दुसरा चेहरा दिसला. तिथे संस्थानिकांचे जुने बंगले होते, रस्त्यावर कमान धरणारे वड होते, पारंब्यांखालून चालणारी आश्रमातली मरून झग्यांची माणसं होती. जर्मन बेकरीच्या लाकडी बाकांवर जगभरची माणसं एकमेकांना सरकून जागा देत. मलाका स्पाइसच्या भिंतींवर चित्रं टांगलेली असत, ती बघता बघता जेवण निवायचं. एबीसी फार्म्समध्ये शिशा जॅझ कॅफे होतं, उंच छपराचं, लाकडाचं. तिथे गालिच्यावर मांडी घालून बसता यायचं, आणि माझ्यासारख्या गावाकडून आलेल्या मुलीला मांडी घालून बसता येण्याचा केवढा तरी आधार वाटायचा.

आमचा बार मात्र यांच्यातला नव्हता. तो लहानसा होता, एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये, सात-आठ टेबलांचा. दाराशी खडूनं लिहिलेला काळा फळा, त्यावर शनाँ ब्लाँ, शिराज, कॅबरने अशी नावं. आम्ही ती आधी मनातल्या मनात म्हणून बघायचो आणि मग धीर करून मोठ्यानं. रिकाम्या बाटल्यांत मेणबत्त्या खोचलेल्या आणि मेणाचे ओघळ बाटल्यांच्या अंगावर साचून साचून त्यांना झाडाच्या खोडासारखा खडबडीतपणा आलेला. एबीसी फार्म्सचं चीज, चार बिस्किटं, मूठभर अक्रोड. एक पेला तीन तास पुरवला तरी कुणी बिलाची वही आणून ठेवायचं नाही. मला वाटतं, त्या जागेचं सगळं सौंदर्य त्या न आणलेल्या वहीत होतं.

बाटली उघडणारा मुलगा भोरकडचा होता. ते काम तो पूजेची तयारी करावी तसं करायचा. आधी बाटलीच्या मानेवरचं वेष्टन चाकूच्या टोकानं गोल कापायचा, गळा पांढऱ्या फडक्यानं पुसायचा, मग स्क्रू मधोमध रोवून सावकाश, अगदी सावकाश फिरवायचा. शेवटच्या वळणाला तो हात थांबवायचा आणि उरलेलं बूच नुसत्या बोटांनी हलकेच काढून घ्यायचा. "आवाज होऊ द्यायचा नाही," असं त्याला शिकवलेलं होतं. आवाज व्हायचा तो इतकाच, की झोपेत कुणी कूस बदलताना उसासा टाकावा. मग ते बूच तो बशीत ठेवून आमच्यापुढे सरकवायचा. त्याचं एक टोक कोरडं, तपकिरी, दुसरं जांभळटलेलं, ओलं. मी ते नाकाशी धरायची. ओल्या सालीचा वास, तळघराचा वास, आणि त्याच्या मागे कुठे तरी द्राक्षाचा, म्हणजे घराचा.

कारण माझं घर द्राक्षाचं. नारायणगावच्या अलीकडे आमचं गाव, पुण्याहून नाशिक रस्त्यानं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. घरामागे थॉमसनचा बाग, विहिरीच्या बाजूला थोडी शरद सीडलेस. ऑक्टोबर छाटणी झाली की काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायला आम्हा पोरांनाही घेत, आणि मग दोन दिवस बोटांचा वास जायचा नाही. पुढे मणी धरले की रात्री पावसाच्या धास्तीनं आण्णा अंगणात येऊन आभाळ बघत उभे राहत. द्राक्षवाल्याच्या घरातली रात्र म्हणजे ही अशी. आभाळाकडे डोळे लावलेली.

आणि दुसरी एक रात्र होती, ती आमची नव्हती. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या पडत, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येत. विठाबाई नारायणगावकर हे नाव आमच्याकडे दरारा आणि प्रेम यांच्या मधल्या कुठल्याशा सुरात उच्चारलं जायचं. यात्रेच्या रात्री वाऱ्यावरून ढोलकी ऐकू यायची. घरातले पुरुष टॉर्च घेऊन निघत. आई दाराला कडी लावायची आणि पुन्हा अंथरुणावर पडायची. ती झोपत नसे, मला कळायचं, कारण ढोलकीची लय बदलली की तिच्या बांगड्यांचा बारीकसा आवाज यायचा. साऱ्या पंचक्रोशीला जागवणारी बाई फडावर उभी असायची, आणि माझी आई तीन-चार किलोमीटरवर अंधारात पडून नुसती ऐकायची. तिनं जन्मात तमाशा पाहिला नाही.

म्हणून त्या वाईन बारबद्दल कुणी म्हणालं की तो पैशाचा, फॅशनचा, चार दिवसांच्या चकचकाटाचा खेळ होता, तर मला आतून दुखतं. असेल कुणासाठी. माझ्यासाठी ती पहिली रात्र होती जी माझी होती. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, तिघी कुणाच्याही सोबतीवाचून एका टेबलाशी बसलेल्या. कुणी वळून बघत नव्हतं. कुणी "घरी कोण आहे?" विचारत नव्हतं. आम्ही नोकरीबद्दल बोलायचो, न जमलेल्या लग्नाबद्दल बोलायचो, आईबद्दल बोलताना गप्प व्हायचो. मेणबत्तीचा उजेड वाईनमधून आरपार जाऊन मेजपोसावर लाल ठिपका पाडायचा आणि पेला हलला की तो ठिपका टेबलभर फिरायचा. बोलणं संपलं की आम्ही तिघीही तो ठिपका बघत बसायचो. इतकं निवांत त्यानंतर मी कुठे बसले नाही.

आणि मग साडेबारा, आणि तो बुचाचा वास.

एकदा मी आण्णांना तिथे नेलं. ते मार्केट यार्डात माल घेऊन आले होते, भाव मनासारखा मिळाला होता, आणि मला दोन दिवस सुट्टी होती. आण्णा माळकरी. पण मी म्हटलं, चला, आपल्याकडची द्राक्षं कुठे जातात ते दाखवते. आमच्या शेजारच्या शिवारात वाईनच्या द्राक्षांचे बाग होते, तिथला माल कारखान्यात जायचा. नारायणगावात ऐंशीच्या दशकातच फ्रेंच तंत्रानं फेसाळती वाईन होऊ लागली होती आणि परदेशी जात होती. 2001 साली सरकारनं वाईनचं धोरण आणल्यावर तर नाशिककडेही कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. आण्णांनी हे सारं बांधावरून पाहिलं होतं. पेल्यातून कधी नाही.

संध्याकाळी साडेसहाला बार रिकामाच होता. आण्णा टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसले. त्यांच्यासाठी लिंबू सरबत मागवलं. भोरच्या त्या मुलानं त्यांना वाकून नमस्कार केला, कुठलं गाव, किती एकर, अशी विचारपूस केली, आणि मग माझ्यासाठी बाटली उघडली, नेहमीसारखीच, उसाशाएवढ्या आवाजात. आण्णा त्याच्या हातांकडे एकटक बघत होते. डोळा राखून कलम बांधणाऱ्याकडे ते असेच बघायचे. बूच बशीत आलं तसं त्यांनी उचललं, अंगठ्यानं दाबलं, नखानं किंचित खरवडलं.

"ही साल हाये गं झाडाची."

मी म्हटलं, हो आण्णा, तिकडे पोर्तुगालमध्ये ओकच्या जातीचं एक झाड असतं, त्याची. झाड तोडत नाहीत, नुसती साल उतरवतात, आणि पुन्हा उतरवायला नऊ वर्षं थांबतात.

"नऊ वर्षं?" त्यांनी बूच पुन्हा उलटंपालटं केलं. "आन् तवर झाड उभंच?"

"उभंच."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपल्या शाळेच्या पटांगणात होतं ना ते उंच झाड, ज्याच्या फुलांच्या तुम्ही पोरी दोऱ्याशिवाय वेण्या करायच्या, त्याची सालही अशीच मऊ, भुसभुशीत; पूर्वी लोक तीच कापून बाटल्यांना लावायचे, म्हणून तर त्याला बुचाचं झाड म्हणतात. मला हे माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं मी एका बुचाचा वास घेऊन दाराबाहेर पडत होते आणि दुसऱ्या बुचाच्या फुलांत पाय टाकत होते, आणि दोन्हींचं नाव एकच का, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

निघताना त्यांनी माझा पेला हातात घेतला. प्यायले नाहीत. नाकाजवळ धरून डोळे मिटले, आणि म्हणाले, "फेब्रुवारीतल्या शेडचा वास हाये. माल काढल्यावरचा." मग पेला जपून, दोन्ही हातांनी खाली ठेवला. बाहेर आलो तेव्हा अंधार पडत होता आणि फुलं अजून उमलायची होती. "तू रातची इथनंच जातीस का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी वडांकडे, दिव्यांकडे, फाटकाशी बसलेल्या पहारेकऱ्याकडे बघून घेतलं. "जात जा," ते म्हणाले. "पर रिक्षाचा नंबर टिपून ठिवत जा."

त्या दोन शब्दांत त्यांनी मला काय देऊन टाकलं, ते मला अजून पुरतं सांगता येत नाही.

13 फेब्रुवारी 2010. शनिवार होता, संध्याकाळ होती. जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा माणसं गेली. जी माणसं बाकावर सरकून जागा द्यायची, तशीच माणसं. त्यानंतर त्या गल्ल्यांमधून चालताना पाय आपोआप भरभर पडू लागले. फाटकांवर पिशव्या तपासू लागले. बेकरी पुन्हा उघडली 2013 मध्ये, पण आमचा बार त्याच्या आधीच मिटला होता, कुणाला न सांगता, एका पावसाळ्यात. भोरचा मुलगा कुठे गेला, कळलं नाही. मैत्रिणींतली एक मेलबर्नला असते, एक बाणेरला. बाणेरचीशी भेट मेलबर्नचीपेक्षाही कमी होते. बंगल्याच्या जागी इमारत उभी राहिली, तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. फळा लावायची ती भिंतच उरली नाही.

आता पुण्यात वाईन पुष्कळ मिळते. जागाही मोठ्या, झगझगीत, काचेच्या. तिथे संगीत इतकं मोठं असतं की माणसाला आपल्या आईबद्दल बोलता येणार नाही. मी दोन-तीनदा गेले. बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. हातानं पिळलं की कर्र, आणि झालं.

आण्णा जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळीत गावी गेले तेव्हा आईनं समईत तेल घालायला बाटली आणायला सांगितली. देवघराच्या कोनाड्यात तिळाच्या तेलाची जुनी बाटली होती, आणि तिच्या तोंडाला ते बूच, छाटणीच्या कात्रीनं एका बाजूनं किंचित तासून बसवलेलं. त्या संध्याकाळी आण्णांनी ते खिशात टाकलं होतं, हे मला कळलंच नव्हतं. जांभळटलेलं टोक आत, तेलाकडे. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या आण्णांनी पुण्याहून आणलेलं, म्हणले, पोरीनं दिलंय. इतक्या वर्षांत एक थेंब गळला न्हाई बघ."

मी ते काढलं. आवाज होऊ दिला नाही.