हसलो कुणाला?

वस्तीतल्या मुलांसोबत जुन्या रेडिओच्या धाटणीची विनोदी गुप्तहेर-श्रुतिका मोबाईलवर रेकॉर्ड केली. टांग्यातला पाठलाग नारळाच्या करवंट्यांवर वाजवला, ही रेडिओवाल्यांचीच जुनी युक्ती. तालमीत चोर वऱ्हाडी बोलला, गुप्तहेर पुस्तकी मराठी. सगळे हसले. मीही हसलो, आणि ती बोली तर माझ्या आजीची! श्रुतिकेत चेहरा दिसत नाही. बोलीवरूनच ऐकणारा माणसाची जात-पायरी ठरवतो. अमेरिकेत १९२८ साली रेडिओवर आलेल्या ‘एमॉस अँड अँडी’त दोन गोरे नट कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून देश हसवत होते. आम्ही वेगळं काय करत होतो? बोलींची अदलाबदल केली. गुप्तहेर वऱ्हाडीत तपास करू लागला, तर कुणी हसेना. प्रसंगात विनोद नव्हताच. तीन पानं नव्यानं लिहावी लागली.