रणवार्ता आणि संजय

2022 सालच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हापासून युक्रेनच्या सेनामुख्यालयाचे दैनंदिन युद्धनिवेदन वाचण्याचा परिपाठ मी ठेविला आहे. त्याचा साचा ठरीव. कुप्यान्स्कच्या दिशेस इतक्या चढाया झाल्या, पोक्रोव्स्कच्या दिशेस इतक्या परतविल्या, विमानांतून इतके बॉम्ब पडले. आणि शेवटी शत्रूच्या हानीचे आकडे. मॉस्कोचे संरक्षण मंत्रालयही अशीच निवेदने काढीत आले आहे. या रोजच्या हिशेबात एक रकाना मात्र सापडत नाही: आपले किती पडले?

माघारीचीही भाषा निराळीच. सप्टेंबर 2022 मध्ये रशियन सैन्याने बालाक्लिया व इझ्यूम सोडले, ते ‘पुनर्रचना’ म्हणून. फेब्रुवारी 2024 मध्ये अव्दीव्का सोडताना युक्रेनच्या सरसेनापतींनी सैन्य अधिक अनुकूल रेषेवर नेत असल्याचे सांगितले; अर्थात वेढा टाळून सैनिकांचे प्राण वाचविण्याचा हेतूही त्यांनी लपविला नाही.

हे वाचताना देवालयाच्या सभामंडपात ऐकलेले भीष्मपर्व आठवते. संजय हस्तिनापुरात बसून युद्ध चालू असतानाच ते वर्णन करीत होता, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु पर्वातील क्रम वेगळा आहे. दहा दिवसांच्या युद्धानंतर संजय रणभूमीवरून परततो आणि प्रथम सांगतो ते हेच, की भीष्म पडले. आपल्या पक्षाचा सर्वांत मोठा घात आधी. चढाया, व्यूह, पराक्रम मागाहून. गीताही त्यानंतरच येते. जिचे आपण नित्य पठण करितो, ती ऐकणाऱ्या राजास भीष्मांच्या पतनाची वार्ता आधीच कळलेली होती. शिवाय या अनर्थाचा दोष तुझाच, हे त्याच्या तोंडावर सांगण्यासही संजय कचरला नाही.

संजयाचा श्रोता एकटा राजा होता. आजचे निवेदन शत्रूही वाचतो. म्हणून काही मौन अपरिहार्य, हे मान्य केले पाहिजे. तरी त्या मौनाचे मोल केवढे! फेब्रुवारी 2024 मध्ये अध्यक्ष झेलेन्स्की यांनी युक्रेनचे 31,000 सैनिक कामी आल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी दिलेला आकडा 43,000 होता. मधल्या दहा महिन्यांत निवेदन रोज निघत होते, आणि ही बारा हजारांची भर त्यांतल्या एकाही दिवसाच्या पानावर नव्हती.

धृतराष्ट्र आंधळा खरा, मोहग्रस्तही खरा. पण वार्ता ऐकून तो स्वस्थ बसत नाही. कसे पडले, जवळ कोण होते, रक्षण कोणी केले, असे तो विचारीत राहतो. ‘चढाई परतविली’ हे शब्द वाचताना आपणही तेवढे विचारावे. त्या दोन शब्दांआड, दोन्ही बाजूंस, कोणाचा तरी मुलगा त्या दिवशी परतलेला नसतो.