दोघी येणार असतील तरच



आपल्याकडच्या वधू-वर याद्यांत पुनर्विवाहाच्या पानावर एक शब्द हमखास दिसतो: 'विनापत्य'. घटस्फोटित चालेल, विधवा चालेल, पण पदरी मूल नको. माझ्या भाच्याचं लग्न याच शब्दावर अडलं होतं, म्हणून आज त्यावर लिहिते.

भाच्याचं तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पहिलं लग्न दोन वर्षांत मोडलं. पुढे अडतिशी गाठेपर्यंत त्याने कोणाला विषय काढू दिला नाही. शाळेतल्या एक बाई कार्डशीट, स्केचपेन न्यायला दर शनिवारी यायच्या. नवरा अपघातात गेलेला, बरोबर पाच वर्षांची मुलगी. बाईंची यादी होईपर्यंत ती स्टुलावर चढून खोडरबर रंगांप्रमाणे लावून ठेवायची. आपण शनिवारची वाट पाहतो, हे भाच्याच्या लक्षात यायला वर्ष लागलं. गावाच्या लक्षात ते आधीच आलं होतं!

बाई आपल्यातल्याच, ताईला पसंत. अट एकच: "मुलगी आजोळी राहू दे, सुट्टीला येत जाईल." ताई मनाने वाईट नाही. उद्या स्वतःचं नातवंड झालं तर घरात आप-पर होईल, ही तिची भीती. भाचा एवढंच म्हणाला, "आई, दोघी येणार असतील तरच." अट कानावर जाताच बाईंनी दुकानात येणंच बंद केलं. असे चार महिने गेले.

तेव्हा आमच्या स्वाध्यायात आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणातली अंजनासुंदरीची कथा चालू होती. पवनंजयाने लग्नानंतर बावीस वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. युद्धाला जाताना मानससरोवरापाशी विरहाने तळमळणारी चक्रवाकी पाहिली आणि त्याला अंजनेचं दुःख कळलं. तो रात्री गुपचूप येऊन तिला भेटला आणि परत गेला. तिला दिवस गेले, तेव्हा सासू केतुमतीने विश्वास ठेवला नाही, तिला घराबाहेर काढलं. माहेरीही दार बंद. सखी वसंतमाला तेवढी सोबत. गुहेत हनुमानाचा जन्म झाला. पुढे मामा प्रतिसूर्याने दोघांना हनुरुह द्वीपावर नेलं आणि तिथेच पवनंजयाची भेट झाली. मामाने भाचीला घरी नेलं, तेव्हा 'बाळ इथेच ठेव' म्हटलं नाही.

मी ताईला फोनवर ही कथा सांगितली आणि विचारलं, "ऐकताना आपल्याला राग कोणाचा येतो गं?" तिने उत्तर न देता फोन ठेवला. आठ दिवसांनी तिचाच फोन आला: "त्या पोरीला खायला काय आवडतं?"

लग्नाला आता दोन वर्षं झाली. मुलगी आधी 'काका' म्हणायची. कोणी जबरदस्ती केली नाही. पूर्वी भाचा दुकानातच रात्री काहीबाही खायचा. आता साडेपाचला फोन वाजतो, "बाबा, सूर्य चाललाय, जेवायला या." तो गल्ला नोकरावर सोपवून निघतो. मुनींच्या सांगण्याने जे झालं नव्हतं, ते तिने केलं.

वाणिज्य शाखेतली म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगते. प्रेमाने 'बाबा' म्हटलं, तरी सावत्र मूल वडिलांचं आपोआप वारस होत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्यातल्या पहिल्या वर्गाच्या वारसांत सावत्र मूल येत नाही. त्यासाठी रीतसर दत्तक घ्यावं लागतं, नाहीतर मृत्युपत्र करावं. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही. भाच्याने ते लग्नाच्या पहिल्याच महिन्यात केलं. आप-पर होऊ नये असं वाटत असेल, तर ते कागदावरही उतरायला हवं.

तुमच्या घरी असं स्थळ आलं तर आईला पाहायला जाल, तेव्हा मुलासाठीही काहीतरी घेऊन जा. त्याचंही ते नवं घरच असणार आहे.