कापलेलें बोट

शिळ्या विनोदांत प्राध्यापक हा विसराळू असतो. आमचा दोष त्याहून वेगळा, आम्ही पाहतच नाहीं. गेल्या महिन्यांत आमचें कुटुंब तापानें अंथरुणास खिळलें आणि विळीवर बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला. पहिल्याच कांद्याबरोबर आमची तर्जनी कापली!

रक्त पाहतांच आमची विद्वत्ता जागी झाली. लिस्टरनें ग्लासगो येथें १८६५ सालीं कार्बोलिक आम्लानें जखमेची शुश्रूषा केली, हें आम्हांस तत्काळ आठवलें. आपल्या बोटाचें काय करावें, हें मात्र सुचेना. शेवटीं हळदीच्या डब्याकडे हात गेला, तोंच मागून आवाज आला, "अहो, ठेवा तो डबा. बोट आधीं नळाखालीं धरा."

वाहत्या पाण्यानें जखम धुतली, स्वच्छ फडक्यानें घट्ट दाबली, हात वर धरविला. आम्ही फडकें उचलून पाहूं लागतांच दटावणी झाली, "सारखें पाहूं नका, धरलेलें रक्त पुन्हा सुटतें." बोट वांकतें ना, बधिर नाहीं ना, धनुर्वाताची सुई शेवटीं केव्हां टोंचली, अशी उलटतपासणीहि झाली. मग पट्टी आली.

ती लावतांना तिचीं बोटें आमच्या डोळ्यांसमोर होतीं. त्यांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. "ह्या कसल्या?" आम्हीं विचारलें.

"ही सुरणाची. ही फणसाची. ही तुमच्या प्रबंधाच्या वर्षांतली."

आम्ही निरुत्तर झालों. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनींत कापसाची खरेदी करणाऱ्या अर्ल डिक्सन नांवाच्या गृहस्थाची पत्नी स्वयंपाक करतांना वरचेवर बोटें कापून घेई. तिला एकटीला लावतां यावी म्हणून त्यानें १९२० सालीं चिकटपट्टीवर जाळीदार कापडाच्या घड्या बसविल्या. आज घरोघर असणारी पट्टी ती हीच. डिक्सन कांहीं लिस्टर नव्हता. त्यानें बायकोच्या हाताकडे पाहिलें, इतकेंच. तेवढें पाहावयास आम्हांस तीस वर्षें लागलीं, आणि तेंहि स्वतःचें बोट कापल्यावर.

पट्ट्यांची डबी इतकीं वर्षें आमच्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणांत असे. आतां ती स्वयंपाकघरांत, विळीशेजारच्या फळीवर ठेविली आहे.