सच्छिद्र सिलिकातील एन्झाइम

एन्झाइम पाण्यात विरघळलेले असले, की अभिक्रिया संपल्यावर ते वेगळे काढणे जिकिरीचे होते आणि महागडा माल एकाच वापरात वाया जातो. घन पदार्थावर बसवलेले एन्झाइम मात्र गाळून पुन्हा वापरता येते. कोळशाच्या भुकटीवर शोषले गेलेले इन्व्हर्टेज साखरेचे विघटन करतच राहते, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी 1916 मध्येच दाखवले होते.

सिलिकाला या कामात महत्त्व आले ते 1992 नंतर. त्या वर्षी मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-41 हा पदार्थ जाहीर केला. साबणासारखे रेणू पाण्यात एकत्र येऊन दंडगोल रचतात, त्यांच्याभोवती सिलिका जमते. मग भट्टीत ते रेणू जाळले, की एकसारख्या व्यासाच्या नळ्या उरतात. अशा एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे 1000 चौरस मीटर भरते. 1996 मध्ये दियाझ आणि बाल्कस यांनी या नळ्यांत सायटोक्रोम सी, पपेन आणि ट्रिप्सिन बसवले. आकाराने मोठे पेरॉक्सिडेज मात्र आत टिकले नाही. 1998 मध्ये सांता बार्बरा येथे तयार झालेल्या एसबीए-15 ची छिद्रे 30 नॅनोमीटरपर्यंत रुंद करता येतात, त्यामुळे ही अडचण बरीच दूर झाली.

अंड्याच्या पांढऱ्या भागातील लायसोझाइमचे उदाहरण बोलके आहे. सामू 7 असताना सिलिका ऋणभारित आणि लायसोझाइम धनभारित असते, म्हणून दोघांत ओढ असते. तरीही सर्वाधिक लायसोझाइम मावते ते सामू 11 च्या आसपास. तिथे त्याचा निव्वळ भार शून्यावर येतो, रेणू एकमेकांना दूर लोटत नाहीत आणि दाटीने बसतात. मात्र इतक्या अल्कधर्मी द्रावणात सिलिकाच हळूहळू विरघळू लागते.

नुसत्या भाराच्या ओढीने धरलेले एन्झाइम मीठ मिसळताच निसटते. त्यावर उपाय म्हणून भिंतीवर अमिनो गट बसवून ग्लुटारल्डिहाइडने पक्का बंध घालतात. पण तो बंध क्रियास्थळाजवळ जडला, तर एन्झाइमचे कामच मंदावते. अरुंद जागेचा एक फायदा मात्र नक्की: प्रथिनाची घडी उलगडायला तिथे वाव नसतो. सिलिकाच्या जेलमध्ये कोंडलेले अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन मोकळ्या द्रावणातल्यापेक्षा 25 अंश सेल्सिअसहूनही जास्त वाढीव तापमान सोसते, असे एगर्स आणि व्हॅलेंटाइन यांना 2001 मध्ये आढळले.

ग्रॅममागे किती मिलिग्रॅम प्रथिन बसले, यावरच अनेक शोधनिबंधांचा भर असतो. त्याहून मोलाचा प्रश्न, त्यातले किती काम करते, हा आहे. लांब नळीच्या तोंडाशी गर्दी झाली, की आतल्या एन्झाइमपर्यंत कच्चा माल पोचतच नाही. स्टार्चसारखे अजस्र रेणू तर दारातच अडतात. म्हणून आखूड नळ्यांचे चपटे कण अधिक उपयोगी ठरतात.

कारखान्यात मात्र साध्या सिलिकाचे दाणे चालतात. थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस या बुरशीचे लायपेज त्यांवर बसवून मार्गारिनसाठी स्निग्धाम्लांची अदलाबदल घडवतात. त्यासाठी हायड्रोजनीकरण लागत नाही आणि ट्रान्स फॅटही तयार होत नाही. लायपेज तेलात विरघळत नसल्याने तिथे रासायनिक बंधाविनाही ते दाण्यांवरून निसटत नाही.