वाकण्याचे माप

'बाणासारखा सरळ' हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याने बाण लांबूनच पाहिला असावा. धनुष्यातून सुटलेला बाण मासळीसारखा वळवळत जातो. मागून दोरीचा धक्का, पुढे टोकाचे वजन. मधला दांडा बिचारा वाकणारच. (मधल्याचे काय होते ते कुठल्याही हेडक्लार्कला विचारा.) प्रश्न एवढाच, की त्याने वाकायचे किती?

हे ज्ञान मला पुतणीच्या कृपेने झाले. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्यात जगज्जेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. आमच्या घराण्यात इतके गुण कुणी कशातच घेतलेले नाहीत. पुतणीने हट्ट धरला आणि दादाने धनुष्य आणले. दोन्ही टोकांना चाके, मध्ये दोऱ्यांचे जंजाळ. विहिरीवरच्या रहाटाने योगासन घातल्यासारखे दिसते. खुबी अशी, की पूर्ण ताणल्यावर चाकांमुळे हातावर चौथा-पाचवा हिस्साच भार राहतो. ४० पौंडांचे धनुष्य, धरून ठेवायला आठ-दहा पौंड! अशी सवलत आमच्या बँकेने कुठल्या कर्जदाराला दिल्याचे ऐकिवात नाही.

बाणांचे खाते माझ्याकडे आले. "काका, तुम्हीच बघा, आकड्यांचं काम आहे."

आकडा असा काढतात. दांडा २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पौंडांचे, म्हणजे ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि झोळ किती पडतो ते मोजायचे. अर्धा इंच पडला तर बाण ५०० चा. म्हणजे आकडा लहान तितका बाण ताठ, मोठा तितका मऊ. सरकारी नोकरीत वर्ग १ ताठ आणि वर्ग ४ लवचिक, तसेच हे.

दुकानदाराने तक्ता पुढे केला. उभा धनुष्याचा जोर, आडवी बाणाची लांबी. व्याजाचे तक्ते पाहण्यात माझी हयात गेली. बोट फिरले आणि ६०० वर थांबले. पण तक्ता म्हटला की तळटीप आलीच. टोक १०० ग्रेनहून, म्हणजे साडेसहा ग्रॅमहून जड घेतले, तर तोच बाण जास्त वाकतो. लांबी वाढली तरी तेच, धनुष्याचा जोर वाढला तरी तेच.

"सर सहा महिन्यांनी ४५ पौंड करणार आहेत," पुतणी म्हणाली.

कोपऱ्यात ८०० चे बाण निम्म्या किमतीत पडले होते. सौ.ची नजर तिकडे केव्हाच गेली होती. एवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "फार मऊ बाण सुटतानाच मोडू शकतो. कार्बनच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात." मी पुतणीच्या डाव्या हाताकडे पाहिले. रस्ता ओलांडताना हा हात मी कितीतरी वर्षे धरला आहे. सवलतीचे खोके मी पायाने बाजूला सारले. सौ.सुद्धा काही बोलल्या नाहीत, हे नमूद करण्याजोगे आहे.

शेवटी ५०० चे घेतले आणि कापले नाहीत. कंपाउंडची दोरी बोटांनी नाही, यांत्रिक खटक्याने सोडतात. त्यामुळे बाण आडवा हेलपाटतो कमी आणि जरा ताठ असला तरी निभावून जातो. शिवाय बाण आखूड केला की आणखी ताठ होतो. जोर वाढेल तसा कापू. कापलेला मात्र लांब करता येत नाही. आमच्या न्हाव्याला हे अजून पटलेले नाही.

मग कागदाची परीक्षा. चौकटीत कागद ताणायचा आणि काही पावलांवरून बाण आरपार मारायचा. नेटके भोक आणि पिसांच्या तीन चिरा उमटल्या तर बाण नीट चाललाय; लांब टरकला तर तिरका. पहिला कागद बोटभर टरकला. सरांनी बाण टेकायचा आधार केसभर सरकवला. दुसरा अर्धे बोट. तिसऱ्याला नेटके भोक पडले. कागद जुन्या वर्तमानपत्राचा होता, आणि भोक पडले ते आमच्याच बँकेच्या जाहिरातीत, मुदत ठेवीच्या व्याजदराला. आता तेवढाही राहिलेला नाही.