सुक्स्मा

बालीत आभार मानताना ‘सुक्स्मा’ म्हणतात. मूळ संस्कृत ‘सूक्ष्म’. पाठीवर सॅक टाकून उबुदमध्ये हिंडताना हा शब्द दिवसातून वीसदा कानी पडे आणि दरवेळी मला भिंगाखालची मुंगी आठवे. होमस्टेमधले दिल्लीचे सहप्रवासी एवढ्यावरच ‘हे सगळं आपलंच’ म्हणून मोकळे झाले. अनुवादकाला असेच शब्द जास्त चकवतात: चेहरा ओळखीचा, अर्थ परका.

दारोदारी, फुटपाथवरसुद्धा, ‘चनांग सारी’ मांडलेली. माडाच्या कोवळ्या पानांची चौकोनी परडी, रंगीत फुलं, वर उदबत्ती. नैवेद्य म्हणावं, तर प्रसाद म्हणून कुणी तो खात नाही. कुत्री हुंगतात, पुढे ती केराबरोबर झाडली जाते. दुसऱ्या सकाळी पुन्हा ताजी. माझ्या मराठी टिपणात मी ‘चनांग सारी’च ठेवलं, तळटीप दिली नाही.